सव्वासहा मीटर

"पण तुम्हाला विचारलं होतं का कुणी? मग तोंड कशाला उघडलंत?"

"साहेब चुकीचं सांगत होते."

"सांगू द्यायचं की! चूक आपल्या फायद्याची होती ना?"

"होती."

"मग?"

"माप चुकत होतं गं."

बायकोने कपाळाला हात लावला. उजवा. डावा हात आणि डावा पाय चार वर्षांपासून तिचं ऐकत नव्हते. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं, म्हणजे नवऱ्याने उचलून दारातल्या गाडीत ठेवायचं. दारापासून गाडी चार मीटर. मोजलेलं होतं. त्याने काय मोजलेलं नव्हतं?

नगरपालिकेच्या रस्ते विभागात तो तेवीस वर्षं रस्त्यांवर रंगाचे पट्टे मारत होता. खिशात कायम टेप, म्हणून नाव पडलं टेपभाऊ. सासरी पहिल्यांदा गेला तेव्हा पाणी पिण्याआधी दाराची चौकट मोजली, असं मेहुणी अजून सांगते.

तळ्याकाठच्या त्या रस्त्याचा वाद वर्षभर चालला होता. सुट्टीच्या दिवशी हवा खायला येणारे दोन्ही बाजूंना गाड्या लावून जात. एकदा आगीचा बंब मध्येच अडकला, आणि पालिकेने सभा बोलावली. इंजिनियर साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. "रस्ता सात मीटर. तळ्याची बाजू मोकळी केली की घरांच्या बाजूला गाड्या राहू शकतात." माना हलल्या. टेपभाऊची दारातली गाडी वाचली. आता त्याने फक्त गप्प बसायचं होतं. बोलायला त्याचा अकरावा नंबर होता, दारात गाडी राहू द्या, असा बायकोने सांगून लिहून घेतलेला कागद खिशात होता, आणि आता त्याचीही गरज उरली नव्हती.

शेवटच्या रांगेतून तो उठला. "साहेब, सात नाही. सव्वासहा. मी दोनदा रंगवलाय."

अग्निशमनचा अधिकारी पुढच्या रांगेतून वळला. "सव्वासहा? मग एका बाजूला गाड्या ठेवून बंबाला लागतात ते साडेचार मीटर उरणार कसे?"

साहेबांनी नकाशाकडे पाहिलं, मग टेपभाऊकडे. नकाशा जुना होता. टेपभाऊच्या मापावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. पुढे अकरावा नंबर पुकारला, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमचं तर बोलून झालंय ना?"

"झालंय," तो म्हणाला. कागद खिशातच राहिला. दोन्ही बाजूंना बंदी ठरली. दारात क्षणभर थांबलं तरी दंड.

घरी येताना त्याने, आता गाडी जिथे ठेवावी लागणार त्या वाहनतळापासून दारापर्यंत टेप टाकत अंतर काढलं. एकशे चौऱ्याऐंशी मीटर, आणि मध्ये चौदा पायऱ्या. चाकाची खुर्ची तिथे काय कामाची?

"किती भरलं?" बायकोने विचारलं. त्याने सांगितलं. तिने मान फिरवली. मग दोघं जेवले.

तिसऱ्या आठवड्यात मुकादमाने कामाचा कागद पुढे केला. "तळ्याचा रस्ता, गाडीबंदीचे पट्टे. तू रजा टाक, टेप्या. दुसऱ्याला धाडतो."

"दुसरा वाकडी मारेल."

"तुझ्याच दारात रे!"

"म्हणून तर."

सकाळी त्याने आधी आपली गाडी काढून वाहनतळावर लावली. पायऱ्या उतरताना मोजल्या नाहीत. दारात गाडीच्या जागी तेलाचा डाग पडला होता, तो घासून काढला, नाहीतर रंग धरत नाही. दोरी ताणली, फक्की टाकली, पिवळा रंग ढवळला. आतून काही वाटेल म्हणून थोडा थांबला. काही वाटलं नाही. रंग घट्ट झाला होता, त्यात थोडं थिनर घातलं.

खिडकीतून बायको बघत होती. पट्टा दारासमोरून पुढे गेला तेव्हा तिने विचारलं, "सरळ आलाय का?"

त्याने एक डोळा मिटून दोरीच्या रेषेत पाहिलं. "आलाय."

"परवा दवाखाना आहे."

"माहीत आहे."

त्याने दोरी सोडली, गुंडाळली आणि शेजाऱ्याच्या दारासमोर खिळा ठोकला.