निळ्या स्कर्टातली बाई

नोकरी गेल्यावर घरात बसवेना, म्हणून मी रोज इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेजवळच्या एका म्युझियममध्ये जाऊन एकाच चित्रासमोर बसायचो. निळ्या स्कर्टातली, खुर्चीत मान खाली घातलेली एकटी बाई. माझ्यासारखीच खचलेली, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

एकदा शेजारी एक मराठी काका येऊन बसले. मुलीकडे आले होते. कराडला जन्मभर बायकांचे कपडे शिवले, म्हणाले. चित्र बघताना त्यांचा अंगठा बोटावर फिरत होता, लांबूनच कापड चाचपल्यासारखा.

"किती उदास आहे ना?" मी म्हणालो.

"उदास? अरे बाबा, स्कर्ट बघ. बसलं की कापड मागून अंगाखाली दबतं. हिचं सुटून सरळ खाली लोंबतंय. चित्रकारानं बाकी सगळीकडे रंग थापलाय, पण इथं वरून खालपर्यंत ब्रशचा एकच फटकारा ओढलाय. उठतेय ती."

"मग मान खाली का?"

"उठताना माणूस आधी पायच बघतो की."

तीन आठवडे मी नुसता तिचा चेहरा बघत होतो.

मुलीचा फोन आला तसे काका गुडघ्यांवर हात टेकून, पायांकडे बघत उठले. पाठोपाठ मीही उठलो. माझीही मान खालीच होती.