दाऊदभाई आणि भिंतीची सावली

दाऊदभाई पहिल्यांदा आमच्या घरी आले ते ना कुदळ घेऊन, ना रोप घेऊन. काखेत हातभर लांबीची एक काठी आणि खिशात चुन्याची पुडी, बस्स. मागच्या दारी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पोतं अंथरलं आणि बसून राहिले. मी आतून बघतेय. दहा वाजले, अकरा वाजले, माणूस जागचा हलेना. मधेच उठायचं, काठी वाळूत रोवायची, तिच्या सावलीशी बोट लावून बघायचं, आणि घराची सावली जिथे संपत असेल तिथे चिमूटभर चुना टाकून परत पोत्यावर. दुपारी हे जेवायला आले तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी माळी मागितला होता, कंपनीने पहारेकरी पाठवलाय!"

आम्ही तेव्हा सौदीत धाहरानला नवीन होतो. ह्यांची तेल कंपनीत नोकरी, घर कंपनीचं, भाजीला जायची बसही कंपनीचीच. तेलाचा पैसा असा वाहत होता की सुट्टीवरून परत यावं तर ओळखीच्या रस्त्यावर नवी भिंत उभी. घराच्या पुढे रखरखीत ऊन, आणि मागे उत्तरेला लांबट पट्टी, तिथे थंडीत दिवसभर सावली. त्या पट्टीत मी दोन महिन्यांत मोगऱ्याची तीन रोपं मारली होती. मी चिपळूणची. आमच्याकडे काठी खोचली तरी तिला पालवी फुटते, त्यामुळे हा अपमान मला भलताच झोंबला होता.

संध्याकाळी दाऊदभाई उठले, मेलेली रोपं उपटून हातात धरली आणि हिंदीत म्हणाले, "मॅडम, ये छाँव में क्यों लगाया?" त्या हिंदीतच मला रत्नागिरी ऐकू आली. मी सरळ मराठीत विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" माणूस एकदम खुलला. गाव जयगडच्या खाडीवर. "तुमी चिपळूनच्या? मंग आदी सांगायचं नाय? वहिनी, मोगरा सावलीत पानं देईल, फूल नाय देनार. का लावलात?"

"मला आवडतो म्हणून."

"तुमाला आवडतो. त्याला इचारलात?"

पन्नाशीचा, उन्हाने वाळून काटकी झालेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला हा माणूस मला माझ्याच अंगणात शाळेतल्या मुलीसारखा दटावत होता, आणि गंमत म्हणजे मला रागही येत नव्हता. काठीचं विचारलं तर म्हणाले, त्यांचे बावा, म्हणजे वडील, गावच्या मशिदीत बांग देत. घड्याळ नव्हतं. अंगणात काठी रोवायची आणि तिची सावली वाढत वाढत काठीएवढी झाली की असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची, बांग द्यायची. भर माध्यान्हीला उरते तेवढी सावली वगळून मोजायची, हेही लहानपणीच शिकले होते. "सावली वाचायला शिकलो, अक्षर वाचायला नाय शिकलो," म्हणाले.

सावलीबद्दल ते तासन्‌तास बोलत. "झाडाची सावली निराळी, भिंतीची निराळी. झाडाच्या सावलीत ऊन थोडं थोडं झिरपतं, भिंतीची एकदम बंद." "सावलीतलं झाड तहानेनं नाय मरत, पान्यानं मरतं. लोकं उन्हातल्यासारखं पानी घालतात नि मुळं कुजवतात." क्रोटन पूर्ण सावलीत लावला तर त्याचे रंग उडून नुसता हिरवा होतो. जास्वंद कळ्या धरते आणि गाळते. तगर मात्र गुणाची, अर्ध्या सावलीतही फुलते. मी खूश. म्हटलं, मग आणा उद्याच चार तगरी!

"उद्या नाय. जून बगून लावू."

जानेवारी चालू होता. माझं डोकंच फिरलं. "जून? दाऊदभाई, चार झुडपं लावायला सहा महिने? आमच्या लेनमधल्या बायकांच्या बागा दोन दिवसांत फुलल्या!" ते शांतपणे चुन्याच्या खुणा न्याहाळत म्हणाले, "त्यांच्या बागा त्यांना लखलाभ. मी जून बगितल्याबिगर सावलीत झाड लावत नाय." मी तक्रार करायला निघाले होते. ह्यांनी थांबवलं. म्हणाले, "त्या माणसाचं काहीतरी आहे. कँपात त्याला सगळे सावलीवाला वेडा म्हणतात. असू दे."

मग ते दर महिन्याला एक दिवस येऊन बसायचे आणि खुणा करायचे. दुपारच्या सुट्टीत खिडकीखाली टेप लावायचे. त्यांच्या खोलीत आठ माणसं, तिथे निवांतपणा कुठला? गावाहून कोणी आलं की म्हाताऱ्या आईची कॅसेट यायची. आई लिहू शकत नव्हती, दाऊदभाई वाचू शकत नव्हते. मी चोरून ऐकत नव्हते, पण कान काही बंद करता येत नाहीत. कोंबड्या, शेजाऱ्यांची भांडणं, पडवीचं छप्पर, सगळं सांगून झालं की शेवटी प्रत्येक कॅसेटमध्ये एकच प्रश्न यायचा: "दाऊदा, याकूबच्या अंगावर सावली हाय ना रं?" दाऊदभाई मग उत्तराची कॅसेट भरायला बसत. सगळ्याची उत्तरं देत. त्या प्रश्नाशी आले की बटण बंद.

जूनमध्ये एका दुपारी त्यांनी दार वाजवलं. "वहिनी, या. बगा." मी बाहेर आले. जानेवारीत दिवसभर जिथे सावली असायची ती अख्खी पट्टी पांढरीफट्ट. भिंतीला चिकटून वीतभर काळी रेघ उरली होती, तेवढीच. सकाळी ईशान्येकडून ऊन आत शिरलेलं, संध्याकाळी वायव्येकडून शिरणार. म्हणजे आपल्या सावलीच्या पट्टीत जूनमध्ये सावलीच नाही. मी थट्टेने म्हटलं, "जिंकलात बाबा तुम्ही!" पण ते हसले नाहीत, भिंतीशी जाऊन बसले.

त्या वीतभर सावलीत पाठ टेकून त्यांनी याकूबची गोष्ट सांगितली. धाकटा भाऊ. दाऊदभाईंनीच बोलावून घेतला होता. एका ठेकेदाराकडे दोघं बागकामावर होते. नव्या वसाहतीच्या लांबच लांब भिंतीला झुडपं लावायची होती. मुकादमानं जानेवारीत विचारलं, उन्हाळ्यात माणसं कुठे लावता येतील? दाऊदभाईंनी काठी रोवून बघितलं आणि छातीठोकपणे सांगितलं, भिंतीच्या उत्तरेला, तिथे दिवसभर सावली आहे. सावलीतलं काम भावाला दिलं. उन्हातलं स्वतः घेतलं.

"आमच्याकडं मे महिन्यात सावली पायाखाली येते, ते मला ठाऊक व्हतं. पन मंग ढग येतात, मिरग लागतो, बावा काठी उचलून आत ठेवायचे. जूनची सावली आमच्या गावात कोनी बगितलीच नाय वहिनी! मला वाटलं इथं पन आठ-पंधरा दिवसांचा खेळ. इथं ढग कुठले? दोन-अडीच महिने सावलीच नाय. याकूब मला म्हनाला व्हता, दादा, तिथं सावली नाय हाय. मी म्हटलं, कामचोरपना करू नको, मी मोजलीय."

जूनमध्ये तिथलं काम लागलं आणि तिसऱ्या दिवशी याकूब खड्ड्यापाशीच पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. मी उभी राहून नुसती रडले.

दफन तिथेच झालं. त्यांच्या गावच्या कबरस्तानात चाफे आहेत, बावांची कबर चाफ्याखाली. इथे रिवाज वेगळा, कबरीवर झाड नाही, नाव नाही. एक दगड आणि उघडं आभाळ. महिन्याने गेले तेव्हा कुठला दगड याकूबचा तेही त्यांना ओळखता येईना. याकूब गेल्याचं आईला कळलं होतं, ती कबरीवरच्या सावलीचं विचारत होती; तिला हे कसं सांगायचं? त्या एका प्रश्नापायी हा माणूस नऊ वर्षं गावी गेला नव्हता.

ऑक्टोबरात त्यांनी माझी बाग लावली. ज्या झुडपांना थंडीतली बंद सावली आणि जूनचं ऊन दोन्ही सोसतील अशीच निवडली. भिंतीलगत तगर, आणि टोकाला करवंदाची एक परदेशी बहीण, तिच्यासारखीच काटेरी आणि खाऱ्या पाण्यालाही न घाबरणारी. सगळी जगली.

पुढच्या वर्षी आम्ही सुट्टीवर निघालो तेव्हा त्यांनी माझ्या हातात आईसाठी कॅसेट दिली. म्हणाले, "यंदा मी जानारच हाय. रमजानला. तिकिटाचं बोललोय. आयेसमोर बसून सगळं सांगनार, माजी चूक पन सांगनार. तिनं तुमाला इचारलं तर एवढंच म्हना, दाऊद येऊन सांगेल."

मी चिपळूणहून मुद्दाम खाडीवर गेले. म्हातारीला दिसत नव्हतं फारसं. माझा हात हातात घेऊन बसली, चहा पाजला, आणि विचारलंच, "बाये, तू तिथली. माज्या याकूबच्या अंगावर सावली हाय ना गो?" मला तेवढं वाक्य म्हणायचं होतं. दाऊद येऊन सांगेल. पण तो चेहरा बघून माझी जीभ सैल सुटली. मी म्हटलं, "आहे तर! मोठं झाड आहे, दाट सावली आहे, थंडगार." एवढ्यावर थांबले असते तर! झाडावर पाखरं येतात, हेही सांगितलं. म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "बस. आता दाऊद नाय आला तरी चालंल."

मला इतकं बरं वाटलं होतं, काय सांगू! परत आल्यावर मोठ्या फुशारकीने दाऊदभाईंना सगळं सांगितलं, तिचं ते शेवटचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं. ते पाइप हातात धरून उभे होते. तगरीच्या बुडात पाणी साचत चाललं. ज्या माणसाने मला जास्त पाण्याबद्दल शंभरदा झापलं, त्याचं लक्षच नव्हतं.

"अस्सं म्हनाली?"

"हो ना! केवढं ओझं उतरलं बघा म्हातारीचं."

रमजानला ते गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "आता जाऊन काय सांगू? वहिनी खोटं बोलली म्हनून सांगू? सुखात हाय ती, राहू दे." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्यांच्याशी भांडले असते, माफी मागितली असती. त्या थंडीतच आई गेली, ही बातमी आली ती सुद्धा आठवड्याने.

मला आजही वाटतं, त्या म्हातारीला मुलाच्या तोंडून खरं ऐकायचं होतं आणि मुलाला ते सांगायचं होतं, आणि मी मधे तोंड घातलं. वर्षभराने आम्ही धाहरान सोडलं. दाऊदभाई पुढे पार उत्तरेला तबूककडे शेतीच्या कामावर गेले असं कोणीतरी म्हणालं. खरं-खोटं माहीत नाही.

आम्ही धाहरान सोडण्याआधी, त्यांची आई गेल्यानंतरच्या एका दुपारी मी भांडी घासत होते. खिडकीखाली टेप लागली. म्हातारीने माझ्याबरोबर पाठवलेल्या शेवटच्या कॅसेटमध्ये तो प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांनी जुनी काढली होती. कोंबड्या झाल्या, छप्पर झालं, आणि म्हातारीने विचारलं, "दाऊदा, याकूबच्या अंगावर सावली हाय ना रं?"

बटण वाजलं. मी नळ बंद केला.

"नाय गे आये," दाऊदभाई म्हणाले. "सावली नाय हाय. त्यानं मला सांगितलं व्हतं. मीच नाय आयकलं."

मग त्यांनी टेप मागे फिरवली, आणि म्हातारीने पुन्हा विचारलं.