नाही न म्हणणारा गुरुजी

अख्ख्या माळव्यात 'नाही' हा शब्द तोंडातून न निघणारा एकच माणूस आहे आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा आहे. संस्कृतातली भलीमोठी जोडाक्षरं तो स्कूटर चालवतानाही न अडखळता म्हणेल, पण कोणी फोनवर विचारलं, "गुरुजी, गुरुवारी जमेल का?" की ह्याची जीभ अडलीच. मग म्हणणार, "बघतो, येतोच." असं बघतो-येतोच करत त्याच गुरुवारी सकाळी देवासात सत्यनारायण, दुपारी कन्नौदला साखरपुडा आणि संध्याकाळी पार धारला उदकशांत. मी म्हणते, अरे, देवाला एका वेळी सगळीकडे असता येतं, तुला कोणी सांगितलंय? तर हसतो. हसला की मला आणखी राग येतो.

त्याचं एकेक सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. पँटवरच सोवळं नेसतो, कारण पुढच्या घरी जाताना ते सोडलं की झालं. हेल्मेटमध्ये पळी-पंचपात्र ठेवतो आणि हेल्मेट हँडलला अडकवतो, म्हणजे ज्या डोक्यासाठी ते घेतलं ते उघडंच. रस्त्यातून लोकांना पूजेच्या सामानाचे निरोप रेकॉर्ड करून पाठवतो. त्यात "विड्याची पानं" ऐकू येतं, मग ट्रकचा भोंगा, मग एकदम "आणि खारका". सुपाऱ्या किती ते ट्रकवाल्यालाच माहीत. आणि 'मम म्हणा' तर त्याच्या अंगातच मुरलंय. संकल्प सोडताना यजमानानं 'मम' म्हणायचं असतं, हे ठीक. पण हा गॅरेजमध्येही तसंच. "भिया, ब्रेक शाम तक हो जाएगा ना? मम बोलो." तो गॅरेजवाला बिचारा आता सवयीनं 'मम' म्हणतो आणि ब्रेक तरीही दोन दिवसांनीच देतो.

जेवणाची तर तऱ्हाच. प्रत्येक घरी पान मांडलेलं, प्रत्येक घरी आग्रह, आणि हा प्रत्येक पानावर एक घास खाऊन उठतो. "पुढच्या घरी बसायचंय." पुढच्या घरीही तेच. दिवसभर पुरणपोळ्यांच्या राशीतून फिरून हा माणूस संध्याकाळी बसस्टँडवर उपाशीपोटी कचोरी खाताना मी स्वतः पाहिला आहे. त्याला म्हटलं, लाज नाही वाटत? तर म्हणाला, "मावशी, इथे कोणी आग्रह करत नाही, शांत बसून खाता येतं."

यजमानांचंही काय बोलावं. देवासच्या दोन राजघराण्यांतल्या थोरल्या पातीच्या जुन्या घरी गेला की धाकट्या पातीची माणसं फुगतात. संस्थानं जाऊन जमाना झाला, पण कोणाकडे गुरुजी आधी गेला ह्यावर रुसवे आहेतच. नवी मंडळी तर त्याहून पुढची. "गुरुजी, जरा शॉर्टमध्ये करा, पण सगळं करा." म्हणजे काय करा? एकदा ह्यानं दमून सत्यनारायणाचा एक अध्याय दोनदा वाचला. माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही, सगळे शिऱ्याच्या पातेल्याकडे बघत होते.

बरं, हे पैशाच्या हावेनं म्हणावं तर तसंही नाही. ही सगळी घरं त्याच्या वडिलांच्या यजमानांची. ते गेले तेव्हा हा तरणाबांड होता, आता पन्नाशीला टेकला. पोरं शिकून पुण्या-बंगळूरला गेली, इथे म्हातारी माणसं उरली, तीही कमी होताहेत. जी आहेत त्यांना आपल्या पद्धतीचीच पूजा लागते, मराठीत समजावून सांगणारा लागतो, आणि तसा हा एकटाच राहिला. म्हणून नाही म्हणवत नाही. हे मला कळतं. कळतं म्हणूनच चीड येते.

गेल्या वैशाखात मात्र हद्द झाली. उज्जैन रोडकडच्या एका नव्या घराची वास्तुशांत. आदल्या दिवशी धारला श्राद्ध उरकून हा तसाच परतला होता आणि सकाळी इथे चौरंगाशी बसला. मीही होते. पूजा रंगात आली, आणि हा यजमानाला म्हणतो, "आता अपसव्य करा." अहो, अपसव्य म्हणजे जानवं उजव्या खांद्यावर घेणं. हे पितरांसाठी, श्राद्धात. नव्या घराच्या मंगल कार्यात हे बोलतं का कोणी? यजमान हिंदी शाळेत शिकलेला, त्याला काय कळणार, त्यानं मुकाट्यानं जानवं फिरवलं. त्याची आई मात्र भिंतीला टेकून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, आमच्याकडे कोण गेलं हो?"

ह्यानं हातातल्या दर्भाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आजी, बहुतेक मीच."

लोक हसले. मी नाही हसले, मला त्याचा चेहरा दिसत होता. त्यानं क्षमा मागितली, आचमनापासून सगळं पुन्हा केलं, अगदी सावकाश केलं. आणि तिथून उठून माझ्या स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसला. बायकोही मागोमाग आली, तिला कोणीतरी कळवलं असणार.

"मावशी, हल्ली म्हणताना माझाच आवाज मला शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा ऐकू येतो," तो म्हणाला. "पूर्वी कलश मांडला की अंगावर काटा यायचा. आता वाटतं, चला, एक झालं."

"मग कमी कर."

"कोणाचं कमी करू? आणि मी नाही गेलो तर ते लोक मोबाइल लावून पूजा करतील."

"करू देत. तू मेल्यावर जे करणार आहेत, ते तुझ्या डोळ्यांदेखत करू देत. निदान चुका तरी सांगशील."

तो हसला नाही. त्याची बायको तेवढ्यात म्हणाली, "मावशी, आमच्या घरच्या गणपतीची पूजा कित्येक वर्षं मी करतेय. गुरुजींना वेळ नसतो."

चहा गार झाला, तो तसाच पिऊन गेला. मला वाटलं, गेलं पालथ्या घड्यावर पाणी.

मग भाद्रपद आला. महालक्ष्म्यांच्या आधी मी नेहमीसारखा फोन केला, "सकाळी नऊला ये रे." तर म्हणतो, "मावशी, ह्या वर्षी नाही."

मला आधी वाटलं, फोन दुसऱ्यालाच लागला.

"दिवसाला एकच घर ठरवलंय," तो म्हणाला. "त्या दिवशी वास्तुशांतीवाल्या आजींकडे. त्यांनी आधी विचारलं."

मी फोन ठेवला आणि जी भडकले म्हणता. अरे, नाही म्हणायला मी सांगितलं होतं ते लोकांना. मला? सख्ख्या मावशीला? सुनेसमोर दिवसभर धुसफुसले. ती म्हणाली, "आई, आप ही ने तो बोला था." तिला म्हटलं, तू पुरण वाट.

महालक्ष्म्या आल्या त्या आल्याच. मंत्र येत नव्हते, तेव्हा मी आणि सुनेनं मिळून त्यांना मराठीतच सांगितलं, बायांनो, बसा, जेवा, ह्या वर्षी आमच्या हातचंच गोड मानून घ्या. आणि दुपारी नैवेद्य दाखवून होतोय तोच दारात हा. साधा बुशशर्ट, डोकं विंचरलेलं, मागे बायको.

"पूजा झाली ना? मग पान वाढ. पुढचं घर नाही."

जेवला. एकेक भाजी चाखत जेवला. दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी मागितली, मग आमटीची वाटी तोंडाला लावून म्हणाला, "मावशी, ह्यात खोबरं भाजून घालतेस होय?" इतकी वर्षं माझ्याकडे पूजा सांगितली, आमटीची चव आज कळली. डोळे पुसायला पदर होताच, धुराचं निमित्त मात्र गॅसच्या जमान्यात उरलं नाही.

मग महालक्ष्म्यांसमोरच्या चटईवर आडवा झाला आणि लगेच झोपला. धारच्या एका घरात त्या दिवशी खरंच मोबाइल लावून पूजा झाली, सतवासला एकांनी नुसतं हळदकुंकू वाहून हात जोडले. हे त्यालाही कळलं होतं. झोपेत त्याचे ओठ हलत होते. कोणाच्या घरी पोचला होता कोण जाणे. जरा थांबल्यासारखा झाला, जसा संकल्पात थांबतो तसा. मी पंखा थोडा वाढवला आणि त्या घरच्या वतीनं हळूच म्हटलं, "मम."