कुसुमचा प्रश्न

हे मी आमच्या ह्यांनासुद्धा कधी सांगितलेलं नाही. चोरीच म्हणा ना — पण कपाटातली नव्हे, म्हणून कुणाला कळली नाही.

रेडिओला लायसन लागायचं तेव्हाची गोष्ट. आम्ही नंदनवन नावाच्या वस्तीत राहायचो. सासरे, म्हणजे मामाजी, नुकतेच निवृत्त झालेले — आणि दिवसभर घरात बसून खेकसायचे. वरण पातळ, पंखा हळू, शेजारी वाईट! मी थोरली सून, शाळेत शिक्षिका; मान खाली घालून जेवायची. धाकटी जाऊ कुसुम पारशिवनीकडची, जेमतेम चौथी शिकलेली. एका रात्री तिनं भाजीचं पातेलं स्वतःकडे ओढलं.

"मामाजी, आज चांगलं काय झालं ते सांगा. मंगच भाजी भेटन."

"काही नाही झालं वं!"

"मंग कोरडी पोळी खा."

आणि त्यांनी खाल्ली की हो! मी नंतर तिला टोमणा मारला, "घर आहे का बालवाडी?" ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एकदा मामाजी पुटपुटले, "इतवारीच्या बाजारात एका हातगाडीवाल्यानं मले वाट देली." मिळाली वांग्याची भाजी! मग काय — रात्री सांगायला काही हवं म्हणून हा माणूस रोज सकाळी बाहेर पडू लागला, लोकांशी बोलू लागला. हळूहळू आम्ही सगळेच सांगू लागलो. वर्गात पोरींवर माझं ओरडणंसुद्धा कमी झालं.

दिवाळीला नणंद आली. वडलांना हसताना पाहून थक्कच झाली. "वैनी, हे तूच शिकवलं असशील. मास्तरीण ना तू!"

कुसुम तिथंच चकल्या तळत होती. मी म्हटलं, "अगं, रोजची सवय लावली की होतं सगळं." खोटं होतं का हे? — तेव्हा वाटलं, नाही.

पण पुढे महिला मंडळात माझं भाषण ठेवलं. विषय, आनंदी राहण्याच्या सवयी. तिथं मात्र मी माइकवर स्वच्छ सांगितलं, "ही युक्ती मला सुचली." समोरच कुसुम बसली होती.

त्या रात्री मामाजींनी तिला विचारलं, "तुह्यं आज काय चांगलं झालं वं?"

"ताईचं भाषण! सगळ्यात आधी टाळ्या म्याच वाजवल्या."

मी तिच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. नव्हता. असता तर बरं झालं असतं — नाही का? सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

मी वाटी पुढे केली आणि तिच्या हातून भाजी वाढून घेतली.