खसखशीएवढी शिंगं

त्या दिवसांत आमच्या न्हाणीघरात दगड विरघळायला ठेवलेले असत. हे कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. इकडचा सगळा दगड काळा, लाव्ह्याचा; त्यात काही सापडत नाही. म्हणून यांनी हिमालयातून चुनखडीचे तुकडे आणले होते. ते सौम्य तेजाबात विरघळले की तळाशी रव्यासारखं काहीतरी उरायचं. मी ते धुऊन, चाळून वाळवत असे. त्यात म्हणे खसखशीएवढी शिंगं आणि नळ्या असतात, पृथ्वीवर अगदी सुरुवातीला ज्यांना कवच आलं त्या जीवांची. घरभर आंबट वास. शेजारच्या खाला विचारायच्या, "इत्ता सिरका! काहे का अचार डाल रै भाभी?"

"दगडाचं," मी म्हणायची.

रविवारी यांची एक विद्यार्थिनी यायची. यांना सर म्हणायची आणि मला काकू! माझ्याहून फार लहान नव्हती. दोघं सूक्ष्मदर्शकावर डोकं लावून बसत. मी चहा घेऊन दारात.

"सर, खालचा थर जुना. पण थरच उलटे झाले असतील तर?"

हे खुलायचे. "शाब्बास! डोंगराला घडी पडली की खालचा वर येतो. मग आधीचा कोणता, ते जागेवरून नाही, आतल्या कवचांवरून ठरवायचं."

माझ्याशी हे इतकं लांब कधी बोलले नाहीत. मी चौथी शिकलेली. या घरात आधीची मी, पण खुर्चीवर ती. त्या यंत्रात काय दिसतं ते मला एकदा तरी तिच्याआधी बघायचं होतं. मागायची लाज वाटायची.

एका शनिवारी हे नवा रवा निवडत बसले होते. एकदम ओरडले, "ये, ये, लवकर बघ!"

मी दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"अहो, कुणाला बोलावताय?"

"इथं दुसरं कोण आहे?"

पदराला हात पुसून मी एक डोळा मिटला. मधाच्या रंगाचं, टोकाशी वळलेलं शिंग चमकत होतं.

"हे तिनं पाहिलंय?"

"कुणी? अगं, आत्ता तर वाळलं ते."

मी डोळा काढलाच नाही. शेवटी हेच म्हणाले, "आता मला बघू दे की."

दुसऱ्या दिवशी ती आली, वाकली आणि किंचाळलीच. "किती सुंदर! काकू, तुम्ही पण बघा ना."

मी चहा ठेवला.

"बघितलंय मी," म्हटलं. "कालच."