अक्काच्या पिशवीतून काढलेल्या ट्यूबा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. अक्काला त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं त्या दिवशी सकाळी, ती बाहेरच्या खोलीत चहा पीत बसलेली असताना, तिच्या पिशवीतून तीन ट्यूबा मी काढून घेतल्या. तिच्या पिशवीला असा हात मी कधी लावला नव्हता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गारगोटीच्या बाजूला दिलेली. चार म्हशी, थोडा ऊस आणि गावातल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. कॉलेजची दोन वर्षं मी तिच्याच घरी राहून काढली. माझं औषधांचं दुकान शिरोली एमआयडीसीच्या रस्त्याला आहे आणि ते चालवता चालवता माझी पन्नाशी उलटली.

आमच्याकडं मेडिकलवाल्याला निम्मा डॉक्टर समजतात. फाउंड्रीतून सुटलेला माणूस गाडीवरून न उतरताच ओरडतो, "ओ पावणं, त्ये खाजेचं मलम द्या की!" कुठं खाजतंय ते तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही. उकाड्यात, घामाच्या कपड्यांत काम करणाऱ्याला जांघेत नायटा होतोच. त्याला जी ट्यूब हवी असते तिच्यात तीन-चार औषधं एकत्र असतात आणि त्यांतलं एक स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, चार माणसांना दुकान सांगतो. महिन्याभरानं नायटा दुप्पट होऊन येतो, तेव्हा तो परत तीच ट्यूब मागायला येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मला ते वाचता येत नव्हतं असं नाही.

अक्काच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळपट डाग आले होते. उन्हातलं काम, वय, असं काहीबाही. एकदा माहेरपणाला आली तेव्हा म्हणाली, "एवढं मोठं दुकान हाय तुझं, नि बहिणीच्या तोंडाला एक ट्यूब न्हाय व्हय तुझ्याकडं?"

मी दिली. वांगावरची म्हणून लोक नेतात तीच. तिच्यातही स्टिरॉइड होतं. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. "आरं, जाऊबाई इचारतीया, कुठल्या पार्लरला गेलतीस म्हणून!" ती हसत होती. मला फार बरं वाटलं. अक्कानं आयुष्यात माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. पुढं दोन वर्षं गावाकडं जाणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या हातून मी तिला ती ट्यूब पाठवत राहिलो. किती दिवस लावायची हे तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

मग चेहरा लाल राहायला लागला. उन्हात गेलं की आग, चुलीपाशी बसलं की आग, हनुवटीवर पुळ्या. ट्यूब एक दिवस चुकली तर आणखी आग, म्हणून ती दोनदा लावू लागली. मी काय झालंय ते ओळखलं. ओळखूनही तिला म्हणालो, "उष्णता असंल. आपण चांगल्या डॉक्टरला दाखवू."

शहरात राजारामपुरीत एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमचा खासगी दवाखाना आहे. मी फोन करून नंबर लावला. तिथल्या मुलीनं बजावलं, "येताना चेहऱ्याला पावडर, क्रीम काही लावू नका. आणि आजवर जे जे लावलंय ते सगळं घेऊन या. ट्यूब रिकामी असली तरी आणा." अक्कानं शाळेतल्या पोरीसारखं सगळं पाळलं. पिशवीत खोबरेल तेलाची बाटली होती, हळदीचा साबण होता, बाजारातली कसलीशी आयुर्वेदिक क्रीम होती, आणि माझ्या तीन ट्यूबा. त्यांतली एक शेवटचा थेंब काढण्यासाठी गुंडाळत नेलेली.

मॅडमची भीती मला नव्हती. त्या ट्यूबचं नाव वाचून काय बोलतील ते मला माहीत होतं, आणि ते अक्काच्या देखत बोलतील याची भीती होती. म्हणून मी त्या ट्यूबा काढल्या आणि त्यांच्या जागी साध्या मॉइश्चरायझरची एक ट्यूब ठेवली. रिक्षात तिला सांगितलं, "अक्का, त्या जुन्या ट्यूबा टाकल्या मी. आता नव्या पॅकिंगमधी येत्यात, ही बघ. हीच लाव इथनं पुढं."

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली.

मॅडमनी एकेक वस्तू टेबलावर काढून पाहिली. मॉइश्चरायझरची ट्यूब हातात घेऊन विचारलं, "ही कोण देतं तुम्हाला?"

"ह्यो की. माझा भाऊ. मेडिकल हाय त्येचं," अक्का म्हणाली. अभिमानानं म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "एवढंच लावत होत्या? स्टिरॉइडवालं काही?"

"नाही," मी म्हणालो.

त्या एका शब्दावर पुढचं सगळं झालं. जे सांगितलं त्यावरून मॅडमनी औषध लिहिलं. आणि दोन वर्षं रोज स्टिरॉइड खाल्लेली कातडी ते एकदम बंद झाल्यावर उसळली. आठवड्याभरात अक्काचा चेहरा सुजला, डोळ्यांखाली पाणी धरलं. असं होणार हे मॅडमना ठाऊक असतं तर त्यांनी तिला आधी सांगितलं असतं, काही सोय केली असती. त्यांना ठाऊक नव्हतं, कारण मी "नाही" म्हणालो होतो.

अक्कानं सरळ हिशेब लावला. डॉक्टरीणबाईंकडं गेल्यावर वाढलं, म्हणजे त्यांनीच केलं. "त्या बाईनं माझं तोंड जाळलं," असं तिनं दूध डेअरीत सांगितलं, बचत गटात सांगितलं. गटातल्या दोघी जणी त्याच दवाखान्यात जाणार होत्या, त्यांनी बेत रद्द केला. मग अक्का गटातही जाईना. ओलं फडकं तोंडावर टाकून पंख्याखाली बसून राहायची. मी भेटायला गेलो तर तोंड भिंतीकडं करून बोलली.

"परत एकदा दाखवूया," मी म्हटलं.

"त्या बाईचं नाव काढू नगंस माझ्याम्होरं."

"भांडायला जाऊया की मग," मी म्हटलं. त्यावर मात्र ती उठली. पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, "चल. सोडत न्हाय मी तिला."

दवाखान्यात बसल्या बसल्या तिनं पदर बाजूला केला. "बघा! बघा काय करून ठेवलासा माझ्या तोंडाचं!" बाहेरच्या पेशंटांनीही ऐकलं असेल. मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी दिवा जवळ घेतला, भिंगातून गाल पाहिले, नाकाच्या कडा पाहिल्या.

"ताई, मी लिहिलेल्या औषधानं असं होत नाही. या चेहऱ्याला खूप महिने स्टिरॉइड लागलंय. या बारीक शिरा त्याच्याच आहेत. ते अचानक बंद झालं की असंच भडकतं. कुणी दिलं होतं?"

"न्हाय ओ," अक्का म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "माझ्या भावानं दिल्याबिगार माझ्या तोंडाला काय बी लागल्यालं न्हाय. आणि त्यो मला असलं दील व्हय?"

मी टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी परत विचारलं नाही. अक्काला त्यांनी शांतपणे समजावलं, की अजून काही आठवडे आग होईल, मग उतरत जाईल, मधेच घाबरून कुठलीही ट्यूब लावायची नाही, वाटलं तर फोन करायचा. निघताना अक्का पुढं गेली, तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "ती ट्यूब तुमच्या दुकानात कुठल्या कप्प्यात असते?"

मी अक्काच्या मागं बाहेर पडलो. ती समोरच्याच कप्प्यात असायची, हाताला लगेच लागेल अशी.

आता ती मी चिठ्ठीशिवाय देत नाही. "डॉक्टर झालासा व्हय आता?" म्हणून लोक पुढच्या दुकानात जातात. जे थांबतात त्यांना सांगतो, कातडीच्या डॉक्टरकडं जाताना लाज घरी ठेवून जा. नायटा जिथं असेल तिथं दाखवा. रिकामी ट्यूबसुद्धा न्या. पुरळ येऊन जात असेल तर उठलेलं असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नखाचं दुखणं असेल तर नेलपॉलिश पुसून जा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचीही नावं सांगा. औषध किती दिवस लावायचं आणि कधी थांबवायचं ते विचारल्याशिवाय उठू नका. आणि ट्यूब कुणी दिली असं विचारलं तर माणसाचं नाव सांगा, मग तो सख्खा का असेना. बरोबर आलेला माणूसच तुमच्या वतीनं उत्तरं द्यायला लागला, तर त्याला बाहेर बसायला सांगा.

अक्काची सूज उतरली, पुळ्या गेल्या. वांग परत आले. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या लाल शिरा मात्र तशाच आहेत, आणि चुलीपाशी ती अजून बसू शकत नाही. गटाच्या बैठकीला जाते. तिथं कुणी विचारलं तर सांगते, डॉक्टरीणबाईंनी आधी बिघडवलं, मग भावानं परत भांडायला नेलं तेव्हा नीट केलं. हे ती माझ्यासमोरही सांगते आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढते.

इथं लिहिलं म्हणजे तिला सांगितलं असं होत नाही. ट्यूब मी दिली, पिशवीतून मीच काढली आणि मॅडमना खोटं सांगितलं, हे अक्कासमोर बसून बोलणं मी तिचं देणं लागतो. तिनं ज्यांना ज्यांना मॅडमबद्दल वाईट सांगितलं, त्या सगळ्या बायकांपुढं तो आळ काढणं मी मॅडमचं देणं लागतो. यातलं काहीच मी अजून दिलेलं नाही.