पानी भरपूर प्या

हे मी आजवर कोनाले सांगतलं नाई. बायकोलेबी नाई. तुमाले सांगून राह्यलो, तेबी धड जमन का नाई — पाहू.

अकोल्याच्या एका दवाखान्यात मी एक्स-रेच्या मशीनवर आहो, लय वर्षं झाले. तिथं बेरियमची तपासनी होते — पेशंटले खडू कालवल्यासारखं पांढरं औषध पाजायचं अन् ते पोटात कसं उतरते, ते पडद्यावर पाहायचं. आधी सांगा लागते: उपाशी या, चहाबी नोको, पोटुशी असान तं लाजू नोका, सांगा. पन खरी गोष्ट नंतरची — दोन दिवस पानी भरपूर प्या, नाई तं ते औषध आतड्यात घट्ट बसते. शौचाले झालं नाई तं लगेच परत या. एवढं सांगाले किती वेळ लागते हो?

बाळापूरकडची एक बुढी आली, सुनेसंगं. सून लय जीव लावनारी, बाकड्यावर बुढीचे पाय दाबत बसलेली. बुढी सारखी विचारे, "मरत तं नाई ना रे बाप्पा मी यानं?" मी खेकसलो तिच्यावर. चिडका तं मी होतोच. तपासनी झाली अन् म्हनलो — जा आता. बस्स, एवढंच. काहून? भूक लागली होती मले. दुसरं कारन असतं तं तेच नसतं का सांगतलं?

त्याईच्या गावचं पानी खारं. तिकडचे लोक तहान लागली तरी घोटभरच पितात. मले हे ठाऊक होतं, मीबी तिकडचाच.

बुढी परत आली ते पोट फुगून. आतडं बंद. ऑपरेशन झालं, अन् गेली बिचारी. डॉक्टरनं तिच्या पोरादेखत मले विचारलं — नंतर पानी प्यायचं सांगतलं होतं का? अन् मी — मी म्हनलो, "हो. सुनेले सांगतलं."

कोनी खोदून विचारलं नाई. ते वर्षंच तसे होते — फवारनीचं औषध पिऊन आनलेल्या जवान पोराईनं वार्ड भरलेला, खाटा पुरत नव्हत्या. एक बुढी मेली, कोन पाहते?

पन सून तिथंच उभी होती. आता हे मले खोटं पाडन, वाटलं. मी तयारच होतो — ओरडून दाबलं असतं तिले. तिनं खाली मान घातली. "सांगतलं असन भाऊनं. माह्याच ध्यानात राह्यलं नसन."

नवऱ्यानं तिच्याकडे कसं पाह्यलं, ते मी पाह्यलं. अन् पुढच्या पेशंटले आत घेतलं.

मंग कानावर आलं — सुनेनं सासूले तहानलेली मारलं, असं गाव म्हनते. नवऱ्यानं तिले वलगावले माहेरी धाडलं, परत नेलं नाई. बाळापूरची गाडी तं रोजच होती ना? जाऊन एक शब्द नसता बोलता आला मले? नाई गेलो. भेलो मी. नोकरीले भेलो, अन् लोक काय म्हनतीन त्याले.

परवा ती आली होती, बापाले घेऊन. तीच तपासनी. केस पिकले तिचे. मले ओळखलं, नमस्कारबी केला. मी सारं नीट समजावलं — पानी, शौच, सारं. तरी ती दारातून परत फिरली.

"भाऊ, आनखी एकदा सांगा. सांगतलेलं ध्यानात राहत नाई माह्या. एक जीव गेला माह्या हातून."

मी आनखी एकदा सांगतलं. पानी भरपूर पाजा, म्हनलो. दुसरं काही नाई सांगतलं.